ओल एकीकडे, गळती दुसरीकडे: घरातली छुपी गळती कशी शोधायची?

बाथरूमच्या छतावर आधी एक पिवळसर डाग दिसतो. महिनाभरात रंगाचे पोपडे निघतात आणि मग थेंब पडायला लागतात. खालच्या मजल्यावरचे वर जाऊन सांगतात, "तुमचं बाथरूम गळतंय." वरचे म्हणतात, "आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे." मिस्त्री येतो, टाइल्स फोडतो, नवं वॉटरप्रूफिंग करतो. पुढच्या महिन्यात थेंब पुन्हा सुरू होतात.

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या सोसायट्यांना हा वाद नवा नाही. त्यात अनेकदा दोघंही खरंच बोलत असतात. कारण पाणी जिथे दिसतं, तिथेच ते गळत असेल असं नाही. म्हणून टाइल्स फोडण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवायला हवं: ही ओल नेमकी कधी वाढते? बहुतेक छुप्या गळत्यांचा पहिला सुगावा या प्रश्नातूनच मिळतो आणि त्यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही.

पाणी इतका प्रवास कसा करतं?

अनेक इमारतींमध्ये बाथरूमखालचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. हा खोलगट भाग विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या मालाने भरतात. त्यालाच कोबा म्हणतात. सांडपाण्याचे पाइप याच भरावातून जातात आणि वर टाइल्स बसवलेल्या असतात.

एखादा सांधा सुटला किंवा टाइल्सच्या फटीतून पाणी खाली उतरलं, की आधी हा कोबा स्पंजसारखं पाणी पितो. तो भरला की पाणी स्लॅबमधली सर्वांत कमकुवत जागा शोधतं. ती एखादी बारीक भेग असते, पाइपसाठी पाडलेलं भोक असतं, नाहीतर विजेच्या वायरींची नळी. त्यामुळे बाथरूममधलं पाणी शेजारच्या खोलीत पंख्याच्या हुकापाशी ठिबकू शकतं.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, डागाच्या बरोबर वरच्या टाइल्स फोडून गळती सापडेलच असं नाही. दोन, गळती बंद केल्यावरही कोब्यात साठलेलं पाणी काही दिवस ठिबकत राहतं. त्यामुळे दुरुस्तीच्या दुसऱ्याच दिवशी "काम फसलं" असा निष्कर्ष काढण्याची घाई नको.

दुर्लक्ष केलं तर काय बिघडतं?

आधी पाण्याचा हिशोब. एक थेंब साधारण पाव मिलिलिटरचा धरला आणि सेकंदाला एक थेंब पडतोय असं मानलं, तर दिवसाला सुमारे २१ ते २२ लिटर आणि महिन्याला साधारण ६५० लिटर पाणी वाया जातं. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हा निकष वापरला जातो. म्हणजे एकट्या थेंबागणिक एका माणसाचं जवळपास पाच दिवसांचं पाणी दर महिन्याला निघून जातं.

पण जास्त नुकसान इमारतीचं होतं. ओल स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत पोहोचली की त्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो. त्या दाबाने काँक्रीट आतून फुटतं आणि छताचे तुकडे खाली पडतात. गंजलेल्या सळ्या उघड्या दिसायला लागल्या असतील, तर विषय प्लंबरच्या हाताबाहेर गेला असं समजावं. तिथे स्ट्रक्चरल इंजिनीअरलाच बोलवावं.

तिसरा धोका विजेचा. ओल स्विचबोर्डपर्यंत किंवा भिंतीतल्या वायरिंगपर्यंत गेली तर शॉक बसू शकतो. पावसात किंवा बाथरूम वापरल्यावर घरातला ईएलसीबी किंवा आरसीसीबी वारंवार पडत असेल, तर तीही ओलीची खूण असू शकते. अशा वेळी तो पुन्हा पुन्हा वर करत बसू नये. त्या भागाचा वीजपुरवठा बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

चौथा धोका पिण्याच्या पाण्याचा. आपल्या बहुतेक शहरांत नळाला ठरावीक वेळच पाणी येतं. पाणी बंद असताना पाइपमधला दाब उतरतो. त्या वेळी फुटक्या सांध्यातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जाऊ शकतं. जमिनीखालच्या टाकीला तडा गेला असेल आणि जवळून गटाराची लाइन जात असेल, तर हाच धोका अख्ख्या इमारतीला असतो.

ओल कधी वाढते, त्यावरून काय कळतं?

घरातल्या ओलीची मुख्य कारणं पाच. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं.

१. पाणी आणणारी पाइपलाइन: टाकीपासून नळापर्यंतच्या या लाइनमध्ये सतत दाब असतो. त्यामुळे ती फुटली तर दिवसरात्र गळते. घर आठवडाभर बंद असलं तरी थेंब थांबत नाहीत. गरम पाण्याची लाइन असेल, तर फरशीचा किंवा भिंतीचा एखादा पट्टा विनाकारण कोमट लागतो.

२. सांडपाण्याची लाइन: हिच्यातून पाणी फक्त वापराच्या वेळी जातं. सकाळी अंघोळी, धुणीभांडी झाली की ओल वाढते, दुपारी कमी होते. वरचे लोक गावाला गेले की काही दिवसांनी थांबते. दुर्गंधी असेल तर संशय आणखी बळावतो.

३. बाथरूमच्या जमिनीचं वॉटरप्रूफिंग: लक्षणं सांडपाण्याच्या लाइनसारखीच असतात. फरक इतकाच, की फरशीवर पाणी सांडलं तरच गळती होते. बेसिनमध्ये कितीही पाणी सोडलं तरी काही होत नाही.

४. पाऊस: गच्ची, बाहेरच्या भिंतीतल्या भेगा, खिडकीच्या चौकटीची फट, एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक या त्याच्या वाटा. मुंबई आणि कोकणात पावसाळी वारे मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतात, म्हणून दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंतींवर मारा जास्त बसतो. ही ओल दिवाळीनंतर हळूहळू वाळते. फेब्रुवारी-मार्चमध्येही ती ताजी असेल, तर दोष बहुधा पावसाचा नाही.

५. जमिनीतून चढणारी ओल: ही तळमजल्यावर दिसते. फरशीपासून वर साधारण मीटरभर उंचीपर्यंत आडवा पट्टा पडतो, भिंतीला लोणा धरतो, प्लास्टर भुसभुशीत होतं. पाइपशी तिचा संबंध नसतो.

याखेरीज एक फसवी ओल असते. बंद खोलीत कपडे वाळत घातले, गिझरची वाफ कोंडली किंवा एसीमुळे भिंत गार पडली, की हवेतलं बाष्प तिच्यावर पाणी होऊन जमतं. हे ओळखायला सोपी युक्ती आहे. ओलसर जागा आधी पुसून घ्या. वीतभर लांबीरुंदीचा ॲल्युमिनियम फॉइल किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्का लावा आणि एक-दोन दिवस राहू द्या. पाणी तुकड्याच्या बाहेरच्या बाजूला जमलं तर ते खोलीतल्या हवेतलं. आतल्या, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ते भिंतीतून येतंय.

घरच्या घरी कोणत्या तपासण्या करता येतात?

डागाची नोंद: डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा आणि तारीख लिहा. दर दोन दिवसांनी पुन्हा बघा. सोबत त्या दिवशी पाऊस होता का, वरचं बाथरूम वापरात होतं का, हेही लिहा. दोन आठवड्यांत वेळापत्रक दिसायला लागतं. रोज एकाच जागेवरून फोटो काढले तर पुढे सोसायटीपुढेही ते कामाला येतात.

मीटर किंवा टाकीची पातळी: घराला स्वतंत्र पाण्याचं मीटर असेल, तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून घ्या. सकाळी कुणी पाणी वापरण्याआधी पुन्हा बघा. आकडा पुढे सरकला असेल तर कुठेतरी गळती आहे. मीटरनंतर स्वतःची टाकी असेल तर ती भरून मीटरचा काटा थांबलाय, याची आधी खात्री करा. नाहीतर टाकीत चढणारं पाणीच गळती समजलं जाईल.

मीटर नसेल पण घराची वेगळी टाकी असेल, तर तिच्यात येणारं पाणी बंद करा आणि आतल्या पातळीवर खूण करा. एक मीटर व्यासाच्या उभ्या गोल टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली, तर सुमारे आठ लिटर पाणी गेलं. मग दुसऱ्या रात्री टाकीतून घरात जाणारा व्हॉल्व्हही बंद ठेवून हीच चाचणी करा. या वेळी पातळी उतरली नाही तर गळती घरातल्या लाइनमध्ये आहे. तरीही उतरली तर टाकीत, नाहीतर व्हॉल्व्हच नीट बंद होत नाही.

फ्लशची टाकी: ही गळती जमिनीवर दिसत नाही, कारण पाणी थेट कमोडमध्ये जातं. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका आणि २० मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर टाकीतलं रबराचं सील झिजलंय. हे सील बदलणं स्वस्त काम आहे. भरणारा बॉल कॉक नीट बंद होत नसेल, तर पाणी टाकीतल्या ओव्हरफ्लोच्या नळीतून वाहत राहतं. झाकण उघडल्यावर ते दिसतं.

बादली आणि घड्याळ: थेंब पडत असतील तर खाली भांडं ठेवा आणि तासाला किती पाणी जमतं ते मोजा. मग वरच्या घराला पाणी देणारा व्हॉल्व्ह काही तास बंद ठेवायला सांगा आणि पुन्हा मोजा. सलग दोन-तीन मोजमापांत वेग हळूहळू उतरत गेला, तर पाणी आणणारी लाइन संशयित आहे. या काळात वरचं बाथरूम वापरू नये, नाहीतर दोन कारणांची सरमिसळ होते.

बाथरूमची टप्प्याटप्प्याने चाचणी कशी करायची?

लाइनवर संशय नसेल, तर सांडपाणी आणि वॉटरप्रूफिंग यांतला फरक शोधावा लागतो. त्यासाठी वरच्या घराचं सहकार्य लागतं. शक्य असेल तर दोन-तीन दिवस ते बाथरूम कोरडं ठेवा. मग एका वेळी एकच गोष्ट तपासा आणि प्रत्येक टप्प्यानंतर किमान एक दिवस थांबा.

पहिल्या टप्प्यात फरशी ओली न करता दोन-तीन बादल्या पाणी थेट नाहणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या जाळीखालच्या भांड्यात ओता. खाली ओल वाढली तर ट्रॅप, त्याचा सांधा किंवा पुढचा पाइप गळतोय. बेसिन आणि कमोडचीही अशीच वेगवेगळी चाचणी करा. पाण्यात थोडा खाण्याचा रंग मिसळला तर काम सोपं होतं. मात्र कोबा आणि सिमेंटमधून गाळून येताना रंग फिका पडतो. त्यामुळे खाली रंग दिसला नाही म्हणून गळती नाही, असं मानू नका.

दुसऱ्या टप्प्यात ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून जमिनीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवा आणि २४ तास ठेवा. दाराच्या उंबऱ्यावरून पाणी घरात येणार नाही हे बघा. शेजारी एका पसरट भांड्यात तेवढंच पाणी ठेवा. भांड्यातली घट ही वाफेची. जमिनीवरची पातळी त्याहून जास्त उतरली आणि खाली ओल वाढली, तर वॉटरप्रूफिंग गेलंय. स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या असतील किंवा तुकडे निसटत असतील, तर ही चाचणी इंजिनीअरला विचारल्याशिवाय करू नका.

तिसऱ्या टप्प्यात ट्रॅप उघडा ठेवून शॉवरचा फवारा भिंतींवर मारा. जमिनीची चाचणी पास झाली पण या वेळी ओल आली, तर दोष भिंतीच्या टाइल्समधल्या फटींत, नाहीतर भिंत आणि जमीन जुळते त्या कोपऱ्यात आहे. असं असेल तर फटी खरवडून पुन्हा भरून काम भागू शकतं, अख्खं बाथरूम फोडावं लागत नाही.

यंत्रं काय दाखवतात, काय दाखवत नाहीत?

"न फोडता गळती शोधून देतो" अशा जाहिराती आता शहरांत सर्रास दिसतात. यंत्रं उपयोगी आहेत, पण प्रत्येकाची मर्यादा आहे.

थर्मल कॅमेरा भिंतीच्या आतलं बघत नाही. तो फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. ओल्या जागेतून पाणी उडत असतं, त्यामुळे ती आजूबाजूपेक्षा थोडी गार असते आणि चित्रात वेगळ्या रंगात दिसते. पण एसीचा झोत लागणारी किंवा सावलीतली भिंतही तशीच दिसू शकते. म्हणून कॅमेऱ्यात दिसलेली जागा मॉइश्चर मीटरने पडताळावी लागते.

मॉइश्चर मीटरचे दोन प्रकार असतात. सुयांचा मीटर भिंतीतून वीज किती सहज जाते ते मोजतो. बिनसुयांचा मीटर पृष्ठभागावर टेकवून वापरतात. भिंतीत लोणा असेल किंवा पृष्ठभागाजवळ लोखंडी सळी असेल, तर आकडा फुगू शकतो. म्हणून एकाच जागेचा आकडा निरर्थक असतो. भिंतीवर ठरावीक अंतराने आकडे घेतले, की ओल कुठून कुठे जाते हे कळतं.

दाबाखालच्या लाइनसाठी प्रेशर टेस्ट सर्वांत भरवशाची. सगळे नळ बंद करून, गिझर वेगळा काढून, लाइनला हातपंप आणि गेज लावतात आणि दाब चढवतात. काटा खाली आला तर लाइन गळतेय. गरम आणि थंड पाण्याची लाइन वेगवेगळी तपासली की शोध निम्मा होतो.

जागा नेमकी सापडत नसेल तर आवाज ऐकण्याचं उपकरण वापरतात. दाबाने बाहेर पडणाऱ्या पाण्याची सळसळ ते मोठी करून ऐकवतं. रात्रीच्या शांततेत ते चांगलं चालतं. प्लास्टिकच्या पाइपमध्ये आवाज लोखंडी पाइपइतका लांब जात नाही, त्यामुळे तिथे ते कमी पडतं. काही ठिकाणी रिकाम्या केलेल्या लाइनमध्ये ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजनचं मिश्रण सोडतात. या प्रमाणात ते पेट घेत नाही. हायड्रोजन फटीतून वर येतो आणि सेन्सर त्याची जागा दाखवतो. सांडपाण्याच्या लाइनसाठी मात्र पाइपमध्ये उतरवायचा कॅमेरा लागतो.

तपासणीसाठी कुणाला बोलवत असाल, तर तीन गोष्टी आधी विचारा. गळती कोणत्या प्रकारची आहे हे कसं ठरवणार? आकडे आणि फोटोंसह लेखी अहवाल देणार का? आणि दुरुस्तीनंतर तीच चाचणी पुन्हा करून दाखवणार का? यंत्र न लावता, टप्पे न करता थेट "सगळं फोडावं लागेल" असं कुणी म्हणालं, तर दुसरा सल्ला घ्या.

खर्च कुणी करायचा?

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती आणि बाहेरच्या सामायिक पाण्याच्या किंवा ड्रेनेजच्या लाइनमुळे होणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. गच्ची आणि सामायिक टाक्यांचंही तसंच. फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट, सिंक यांच्यामुळे होणारी गळती मात्र त्या सदस्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेले उपविधी वेगळे असू शकतात, म्हणून त्यांची प्रत मागून वाचा.

म्हणजे "गळती कोणत्या प्रकारची" हा प्रश्न जितका तांत्रिक, तितकाच पैशांचा आहे. डक्टमधली सामायिक लाइन फुटली असताना वरच्या घराने स्वतःचं बाथरूम फोडलं, तर तो खर्च फुकट जातो आणि संबंध बिघडतात ते वेगळेच. वरचं घर तपासणीला दार उघडत नसेल, तर कमिटीला लेखी तक्रार द्या. दुरुस्तीची गरज आहे का हे बघण्यासाठी पूर्वसूचना देऊन फ्लॅटची पाहणी करण्याची तरतूद उपविधींमध्ये आहे. तरीही वाद मिटला नाही, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाता येतं. तो रस्ता लांबचा आहे. तारखांसह ठेवलेली ओलीची नोंद, फोटो आणि चाचणीचा लेखी अहवाल हाताशी असेल, तर बरेचसे वाद कमिटीच्या बैठकीतच संपू शकतात.

तपासणीसाठी योग्य काळ कोणता?

पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबर ते मे. या काळात पावसाची ओल वाळलेली असते, त्यामुळे जी उरते ती पाइपची, बाथरूमची किंवा जमिनीची. गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची दुरुस्तीही मेअखेर संपवायला हवी, कारण ओल्या पृष्ठभागावर वॉटरप्रूफिंगचे बरेचसे लेप नीट धरत नाहीत. पावसाळ्यात करण्यासारखं काम म्हणजे निरीक्षण: कोणत्या भिंतीवर, किती पावसानंतर, किती तासांनी डाग उमटतो याची वही भरून ठेवणं. नोव्हेंबरात मिस्त्री आला की आधी ती वही त्याच्या हातात द्यावी.